कुंचल्याचं टोक

(साताऱ्यात चित्रकला शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, समोरच्या पाण्याच्या वाट्या सांडू नका, त्या आपल्याला लगेच लागणार आहेत. प्रत्येकाने आपला राउंड ब्रश काढा. चार नंबर, सहा नंबर, जो असेल तो. पाण्यात पुरता बुडवा, काठावर न निपटता बाहेर काढा आणि मनगटाने एकच झटका द्या. आता टोक उजेडाकडे धरून बघा.

कुणाचं टोक सुईसारखं मिटलंय? दोन, तीन, पाच हात वर आले. कुणाचं दुभंगलंय? बाकी सगळे. आणि तू, शेवटच्या बाकावरची, तुझा तर खराटाच झालाय, तो राहू दे, घरी गोंद लावायला वापर.

मी बत्तीस वर्षं वर्गात हे करून घेतलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या आधी तर दर वर्षी. ज्याचं टोक मिटतं तो ब्रश चांगला, हे मी शेकडो मुलांना सांगितलं. पण ते टोक येतं कुठून, हा प्रश्न मला नोकरीची एकोणतीस-तीस वर्षं पडला नाही. पडला तेव्हा उशीर झाला होता. त्या टोकाबद्दलच आज बोलायचंय.

पहिली गोष्ट. चांगल्या केसाच्या ब्रशचं टोक कुणी कातरून केलेलं नसतं. ते केसाला जन्मतः असतं. तुमच्या घरात लहान बाळ असेल तर त्याचं जावळ आठवा. किती मऊ लागतं हाताला! त्या केसाला अजून कात्री लागलेली नसते, म्हणून प्रत्येक केस टोकाकडे बारीक होत होत संपलेला असतो. जावळ काढलं की पुढचे केस राठ वाटतात. आजी म्हणते, बघा, केस दाट यायला लागले. केस तेच असतात, त्यांचं निमुळतं टोक तेवढं गेलेलं असतं.

ब्रश बनवणारा कारागीर याच एका गोष्टीला जपतो. केस आले की तो ते धुतो आणि विंचरतो. बहुतेक केसाळ प्राण्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत दाट मऊ लव आणि वर लांब, ताठ केस. लव ऊब धरते, वरचे केस पाऊस आणि बर्फ अडवतात. ब्रशला वरचेच केस चालतात, लव विंचरून काढून टाकावी लागते. मग तो चिमूटभर केस टोकं खाली करून एका छोट्या धातूच्या पेल्यात ठेवतो आणि पेला हलक्या हाताने ठोकत राहतो. ठोकता ठोकता सगळी टोकं पेल्याच्या तळाशी जुळतात आणि तळाचा जो आकार असेल तो आकार झुबक्याला येतो. मग दोऱ्याने आवळायचं, धातूच्या नळीत ओवायचं आणि दांडा बसवायचा. लांबी कमी-जास्त झाली तर कापायचं ते मुळाकडून. टोकाला कात्री लावली की ब्रश मेला.

आता असा केस मिळतो कुठे? माणसाचा चालत नाही, तो लवतो पण उसळून परत येत नाही. बकरीचा मऊ असतो, पाणी भरपूर धरतो, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, टाकायला छान, पण त्याला ताठा नाही. डुकराचा राठ, तेलरंगासाठी. खारीच्या शेपटीचा केस फार बारीक. आपल्याकडची लघुचित्रं त्याच केसांनी रंगवली, पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ देठात खारीचे केस ओवून. औंधला श्री भवानी संग्रहालयात गेलात तर मोठ्या तैलचित्रांपुढेच थांबू नका, लघुचित्रंही जवळून बघा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. राजा स्वतः हातात कुंचला धरणारा होता, म्हणून तिथल्या संग्रहाला चित्रकाराची नजर आहे. मी इंटरमिजिएटच्या मुलांना तिथे न्यायची तेव्हा सांगायची, एका भुवईपुढे पाच मिनिटं उभे राहा. त्या एका भुवईत किती रेघा आहेत ते मोजा. मोजता येत नाहीत. त्या मोजता न येणाऱ्या रेघेसाठीच हा सगळा केसांचा शोध.

जलरंगासाठी जगभरच्या चित्रकारांनी ज्या केसाला सगळ्यात वरचं स्थान दिलं तो केस एका वीझलच्या शेपटीचा आहे. वीझलला मराठीत घरचं नाव नाही, कारण आपल्या सह्याद्रीत तो नाही. हिमालयात आहे, युरोपात, सैबेरियात, चीनमध्ये, अमेरिकेत आहे. लांबुळकं अंग, आखूड पाय, चपटं डोकं. समजावताना आपण चटकन म्हणतो, मुंगसासारखा. दिसायला तसाच आहे, पण नातं दूरचं. मांसभक्षी प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत, एक मांजराकडची, एक कुत्र्याकडची. मुंगूस मांजराकडच्या शाखेतलं, वीझल कुत्र्याकडच्या. वीझलचे आपल्याकडचे सख्खे भाऊबंद बघायचे तर नदीवर जा, पाणमांजर त्याच्या कुळातलं आहे.

या केसांच्या नावांनी मात्र दोनशे वर्षं लोकांना फसवलंय. तुम्ही दुकानात 'सेबल हेअर' मागता. सेबल हा सैबेरियातला वेगळाच प्राणी. त्याच्या कातड्यांपायी रशियाचं राज्य उरल पर्वत ओलांडून पार पॅसिफिकपर्यंत गेलं, तिथल्या रानातल्या लोकांकडून कर म्हणून सेबलची कातडी घेतली जायची. ब्रशमधला 'सेबल' तो नव्हे. उंची ब्रशवर 'कोलिन्स्की सेबल' लिहिलेलं असतं तो सैबेरियन वीझल. चीनमध्ये अक्षरलेखनाचा ताठ कुंचला असतो, त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ होतो लांडग्याचे केस. तोही त्याच वीझलच्या शेपटीचा. चिनी भाषेत या प्राण्याचं नाव पिवळा उंदीर-लांडगा असं आहे, त्यातला लांडगा तेवढा कुंचल्याच्या नावात उरला. आणि 'कॅमल हेअर' ब्रशात उंटाचा एक केस नसतो, खार, घोडा, बकरी, जे हाताशी असेल ते. म्हणून मी म्हणते, दांड्यावर काय लिहिलंय ते वाचा, पण त्यावर विसंबू नका.

कोलिन्स्की ब्रश मी आयुष्यात एकदाच वापरला, पुण्याला एका चित्रकार मैत्रिणीकडे. ब्रश तिच्या वडिलांचा होता, सात नंबर. विलायतेत १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी त्या मापाचा ब्रश मुद्दाम करवून घेतला होता, अशी त्या ब्रशची परंपरा सांगतात. मी तो पाण्यात बुडवला, थोडा निळा रंग घेतला आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढली. परत रंग न घेता तीच रेघ मागे आणली. अजून रंग होता! ब्रशचं पोट पाण्याने टम्म भरलेलं आणि टोक मात्र केसभर. दाबला की रेघ बोटाएवढी, उचलला की पुन्हा केसाएवढी. हात उचलताना तो माझ्या बोटांना परत ढकलत होता. मला रडू आलं. एवढी वर्षं मुलांना सपाट वॉश शिकवताना 'हात सावकाश, हात सावकाश' म्हणून ओरडले, त्यात अर्धा दोष हाताचा नव्हता, ब्रशचा होता.

तो केस असा का असतो? थंडीत पकडलेल्या प्राण्याच्या शेपटीचे केस निवडतात. प्रत्येक केस मुळाशी थोडा बारीक, मध्ये फुगीर आणि टोकाला पुन्हा निमुळता. असे शेकडो केस एकत्र आले की मधल्या फुगवट्यामुळे ब्रशला पोट येतं आणि केसाकेसांमधल्या फटींत पाणी धरून राहतं. टोकं ओली झाली की पाण्याच्या ताणाने एकमेकांना चिकटून मिटतात. ही सगळी रचना वीझलला आपल्या चित्रासाठी मिळालेली नाही, तर त्याला ती कशासाठी लागते तेही बघितलं पाहिजे.

वीझलचं अंग लांब आणि सडपातळ. डोकं शिरेल त्या बिळात सगळं अंग शिरतं. त्याच्या जातीतला सगळ्यात छोटा तर जगातला सगळ्यात लहान मांसभक्षी प्राणी, काही ठिकाणी नुसता तीस-चाळीस ग्रॅमचा, पण उंदराच्या बिळात जाऊन उंदीर मारतो. या सडपातळपणाची किंमत मोठी आहे. पातेल्यात भात गोळा असतो तोवर गरम राहतो, ताटात पसरला की निवतो. वीझल म्हणजे पसरलेला भात. त्याच्या वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार, म्हणून ऊब झराझर निघून जाते. १९७२ साली शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा थंडीत वीझलचं शरीर त्याच वजनाच्या साधारण बांध्याच्या प्राण्यांपेक्षा दीडपट ते दुप्पट उष्णता जाळतं असं दिसलं. मग लांब दाट केस वाढवावेत, तर बिळात शिरता येणार नाही. केस आखूडच ठेवावे लागतात. म्हणून तो दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, कधी त्याहून जास्त खातो. आणि आणखी एक करतो, जे मला वाचून फार हलवून गेलं. मारलेल्या उंदराच्याच बिळात राहतो आणि त्या उंदराची लव उपटून आपल्या बिछान्याला अंथरतो. आपण त्याचे केस वापरतो त्याच्या किती तरी आधीपासून तो दुसऱ्याचे केस ऊब म्हणून वापरत आलाय.

त्याचाच थोडा मोठा भाऊ स्टोट. थंड देशात हिवाळा आला की हा पांढराशुभ्र होतो, फक्त शेपटीचं टोक काळं राहतं. त्या पांढऱ्या रूपाच्या कातड्याला अर्मिन म्हणतात. रंग बदलायची खूण त्याला थंडीकडून मिळत नाही, दिवस लहान होण्याकडून मिळते. डोळ्यात जाणारा उजेड कमी झाला की मेंदूतल्या ग्रंथीचे स्राव बदलतात, जुने तपकिरी केस गळतात आणि रंगद्रव्य नसलेले नवे येतात. हे घड्याळ लाखो वर्षांचं, ते बर्फ पडलंय की नाही ते बघत नाही. पोलंडमधल्या बियावोव्हिएझाच्या जुन्या जंगलात आता बर्फाचे दिवस कमी झालेत, तिथले पांढरे झालेले वीझल तपकिरी पाचोळ्यावर उठून दिसतात आणि मारले जातात, असं तिथल्या अभ्यासकांनी दाखवलंय.

आणि शेपटीचं ते काळं टोक? सगळं अंग पांढरं करून लपायचं आणि शेवटी काळा ठिपका ठेवायचा, हा काय प्रकार? १९८२ साली अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने याचा प्रयोग केला. नकली वीझल केले, काहींच्या शेपटीला काळं टोक, काहींच्या नाही, आणि ससाण्यांसमोर ओढले. काळं टोक असलेल्यांवर ससाण्यांचा नेम चुकायला लागला. ते झडप घालायचे काळ्या ठिपक्यावर, अंगावर नाही. शेपटी बारीक, नखातून निसटते. ससाण्याची नजर चुकवण्यासाठी ठेवलेला तो काळा ठिपका युरोपातल्या राजांनी आपल्या झग्यांवर ओळीने शिवून घेतला. पांढऱ्यावर मध्ये मध्ये काळे ठिपके असलेला राजाचा झगा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक प्राणी. १९३७ साली ब्रिटनच्या राजा सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी झालेला असा झगा २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा अंगावर घेतला.

चित्रकार म्हणून इथे मला लिओनार्दो दा विंचीची आठवण होते. १४९०च्या आसपास त्याने चेचिलिया गाल्लेरानी या तरुणीचं चित्र केलं, तिच्या हातात अर्मिन आहे. ते चित्र पोलंडमध्ये क्राकोव्हला आहे. आपण बघणार ते छापील, पण त्यातही त्या प्राण्याचा पुढचा पाय बघा. मुलीचा हात आणि प्राण्याचा पाय एकाच लयीत वळलेत. मान एका दिशेला, अंग दुसऱ्या. खरा स्टोट एवढा मोठा नसतो, पण त्या पंजातला ताण मात्र जिवंत प्राणी पाहिल्याशिवाय येत नाही. त्या काळी युरोपात समज होता की अर्मिन मरेल पण आपले पांढरे केस चिखलाने मळू देणार नाही. म्हणून तो शुद्धतेची खूण झाला. आणि याच समजापायी त्याचं कातडं काढलं गेलं.

मिंकबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय आपल्या कुंचल्याचा नाही, कोटांचा आहे. मिंकही याच कुळातला. त्याला तारेच्या पिंजऱ्यात हजारोंनी पाळतात. २०२०च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमध्ये कोरोना मिंकमध्ये पसरला म्हणून सरकारने देशभरातले मिंक मारायला लावले, दीड कोटीहून जास्त. ब्रिटनने असे फार्म कायद्याने आधीच बंद केलेत. आपल्या देशाने २०१७च्या जानेवारीत मिंकच्या कातड्यांची आयात थांबवली. ब्रशचा कोलिन्स्की मात्र असा पिंजऱ्यात वाढवलेला नसतो, तो रानात सापळे लावून धरतात.

आता आपल्या अंगणात येऊ.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. घर मळ्यात, चहूकडे ऊस. मुंगूस म्हणजे आम्हाला रोजचं. बांधावरून आडवं गेलं की आम्ही पोरं थांबून म्हणायचो, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. आणि ते खरंच थांबायचं, मागच्या पायांवर उभं राहून वळून बघायचं. शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की त्या दिवशी गणिताचा पेपर सोपा जाणार, अशी आमची खात्री. ऊसतोड सुरू झाली की फड एका बाजूने मोकळा होत जायचा आणि आतली सगळी जनावरं उरलेल्या उसात सरकत जायची. शेवटच्या दोन-तीन सऱ्या राहिल्या की तोडकरी कोयते थांबवायचे, कारण आतून खसखस ऐकू यायची. एकदा त्या शेवटच्या पाचटातून मुंगसाची मादी बाहेर आली, तोंडात पिल्लू. मोकळं रान बघून बिचकली. एका पोराने ढेकूळ उचललं. वडील बांधावरून ओरडले, "टाक खाली त्ये! आपल्या उसाचं उंदीर कोण खातंय, तू का?" ती मादी त्या गलक्यात पाटाच्या कडेने निघून गेली. तिच्या पाठीचा रंग मला अजून दिसतो. राखाडी म्हणावा तर राखाडी नाही, मीठ-मिरी एकत्र केल्यासारखा.

वडिलांचं ते वाक्य मी फार पुढे एका वेगळ्याच ठिकाणी वाचलं. १८७२ साली जमैका बेटावरच्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. त्यांचीच पिलावळ आसपासच्या बेटांवर पसरली, १८८३मध्ये जमैकातूनच हवाईला नेली. तिथे उंदरांबरोबर त्यांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि कासवांची अंडीही फस्त केली, कारण ती बेटं त्यांची नव्हती. इथे मात्र ती घरची आहेत. सातारा-सांगलीच्या उसात, हळदीत, भुईमुगात उंदीर-घुशी आवरणारं जे कोण आहे, त्यात हे मुंगूसही आहे.

आपल्या पुराणांतही त्याच्या अंगाच्या रंगाला मान आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधाला आलेलं मुंगूस आठवा, अर्धं अंग सोन्याचं झालेलं. कुबेराच्या मूर्तीत त्याच्या हातात धनाची पिशवी असते, ती मुंगसाच्या कातड्याची, असं मूर्तिशास्त्राचे अभ्यासक सांगतात. बौद्ध परंपरेतला धनाचा देव जंभल तर मुंगूसच हातात धरतो आणि त्याच्या तोंडातून रत्नं पडतात. धनाच्या पिशवीला मुंगसाचं कातडं का, तर साप म्हणजे जमिनीखालच्या धनाचा राखणदार आणि मुंगूस त्याला जिंकणारं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि मग ही दुसरी गोष्ट.

निवृत्तीच्या सात-आठ वर्षं आधी मी एका दुकानातून बारा ब्रशांचा संच आणला. दुकान कुठलं, त्याला महत्त्व नाही, तसे ब्रश तेव्हा सगळीकडे होते. दांड्यावर नुसता नंबर, केस कशाचा ते काही नाही. दुकानदार म्हणाला, बाई, एकदम कडक, टोक हलणार नाही. खरंच हललं नाही. अक्षरलेखनाला इतका सुंदर ब्रश मी आधी वापरला नव्हता. मी वर्गातल्या हुशार मुलांना तोच घ्यायला सांगितलं. पाच वर्षं सांगत होते.

एकदा नववीची मुलं जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून भिंग घेऊन आली होती, हाताला लागेल ते बघत होती. पान, नख, मीठ. एका मुलाने माझा ब्रश भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "बाई, ह्या केसाला पट्टे हायेत." मी बघितलं. प्रत्येक केसावर एक फिका पट्टा, एक गडद, पुन्हा फिका, पुन्हा गडद. त्या क्षणी मला पाटाच्या कडेने जाणारी ती पाठ दिसली. मीठ-मिरी. तो रंग तसा दिसतो तो याच पट्ट्यांमुळे.

वीझलचा केस असा नसतो. खारीचा असा ताठ नसतो. त्या ब्रशाने मी 'ज्ञानेश्वर' हा शब्द किती वेळा गिरवला असेल!

त्यानंतर मी शोध घेतला. एका मुंगसाच्या अंगावर ब्रशला चालतील असे केस निघतात ते फार तर वीस ग्रॅम. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांचा हिशेब सांगतो, एक किलो केसांसाठी पन्नासेक मुंगसं. सापळ्यात धरायचं, काठीने मारायचं, केस उपटायचे. हे काम करणारे बहुतेक फार गरीब लोक, त्यांना मिळतं ते किरकोळ, पैसा मिळतो तो पुढे हात बदलत जाताना. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे. त्याला मारणं, त्याचे केस बाळगणं, त्याचा ब्रश विकणं, सगळा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१९ साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने देशभर एकाच वेळी छापे घातले, त्या मोहिमेचं नावच 'क्लीन आर्ट' होतं. कला स्वच्छ करायची मोहीम. ते नाव वाचून मला लाज वाटली, कारण त्यातली कला माझी होती.

एक बारीक गोष्ट सांगते. देशादेशांतला वन्यप्राण्यांचा व्यापार आवरणारा सायटीस नावाचा करार आहे. त्यात एखादा देश म्हणू शकतो, हा प्राणी आमच्याकडे संरक्षित आहे, त्याचा व्यापार कागदपत्रांशिवाय होऊ देऊ नका. भारताने मुंगसं तशी नोंदवली आहेत. आणि आपल्या हिमालयात राहणारा सैबेरियन वीझलही भारतानेच नोंदवलाय. २०१३च्या सुमारास अमेरिकेत कोलिन्स्की ब्रशांची खोकी अडवली गेली, तिथल्या चित्रकारांना महिनोन्‌महिने ते ब्रश मिळेनात, त्यामागे ही भारताची नोंद होती. अमेरिकेतल्या चित्रकाराच्या टेबलापर्यंत आपल्या देशाचा शब्द पोहोचला. मग आमच्या टेबलापर्यंत तो का पोहोचू नये, असं मला वाटलं.

मी ते बारा ब्रश वनखात्याकडे जमा केले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नेऊन देण्याच्या आदल्या रात्री मी त्यातला एक केस भिंगाखाली ठेवला आणि फुल इंपीरियल या मोठ्या आकाराच्या कागदावर मोठा करून काढला, मुळापासून टोकापर्यंत, पट्टे मोजून. मागे भिंतीवर लावलाय तो तोच. जवळ जाऊन बघा. त्याला रंग भरताना मी नायलॉनचा ब्रश वापरलाय.

शिक्षक मंडळींना नायलॉनबद्दल शंका असते, मला माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा नायलॉनचा ब्रश खरंच वाईट होता. पाणी धरायचा नाही, एकदम ओकून टाकायचा, महिन्याभरात टोक आकड्यासारखं वळायचं. आता कृत्रिम तंतूचं टोक रसायनात बुडवून निमुळतं करतात, म्हणजे जावळाचं टोक कारखान्यात आणतात. टोक आणि उसळी याबाबतीत चांगला कृत्रिम ब्रश आज कमी नाही. पाणी मात्र अजून थोडं कमी धरतो, हे खोटं सांगणार नाही. त्यावर माझा उपाय असा: वॉशसाठी बकरीच्या केसाचा जाड ब्रश, बारीक कामासाठी कृत्रिम. मोठ्या वॉशला एक नंबर वरचा घ्यायचा. कोलिन्स्कीच्या एका रेघेच्या जागी दोन रेघा ओढाव्या लागतील, तेवढंच.

आणि घ्यायच्या आधी दुकानात विचारा, केस कशाचा. सांगता आलं नाही तर घेऊ नका. राखाडी-तपकिरी, ताठ, पट्टेदार केस दिसला तर नक्कीच घेऊ नका. वापरून झाल्यावर ब्रश थंड पाण्यात धुवा, बोटांनी टोक मिटवा, आडवा वाळवा. तोंडात धरून टोक करायची सवय असेल तर ती आजच सोडा, रंगात काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. ब्रश पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवून जेवायला जाऊ नका, कुठल्याही प्राण्याचा असो वा कारखान्याचा, त्याने टोक कायमचं वाकतं.

खिडकीजवळच्या टेबलावर मी दोन भिंगं ठेवली आहेत. आपापले ब्रश घेऊन या, एकेक केस बघू. ज्याच्या केसाला पट्टे दिसतील त्याने घाबरायचं नाही, लपवायचंही नाही, तो माझ्याकडे द्या, बाकीचं मी बघते. पहिल्यांदा मघाचा तो खराटा आणा, मला तो बघायचाच आहे. आणि जरा लवकर या, अजिंक्यताऱ्याआड सूर्य गेला की या खोलीत उजेड राहत नाही.